तुम्ही विचारलंत म्हणून: सौर पंप किती एच.पी.चा घ्यावा?

तालुका जुन्नर म्हटलं की लोकांना धरणं, कालवे आणि ऊस दिसतो. आमचं आणे पठार त्याच तालुक्यात आहे, पण कालव्याचं पाणी काही पठारावर चढत नाही. त्यातून आमचं रान वस्तीपासून लांब. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) ओढ्यापलीकडे, आणि मधल्या बांधावरून खांब न्यायला भावकीची तयारी नाही, म्हणून लाइट आलीच नाही. विहिरीवर वर्षानुवर्षं डिझेल इंजिन होतं. आता सौर पंप बसलाय, आणि लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारची बाई पहिलं हेच विचारते, "किती एच.पी.चा घेतला?"

तीनचा.

पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. "तीनच? तुम्हाला तर पाचचा बसत होता की!" बसत होता. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एच.पी., पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात असा हिशोब आहे. आमची जमीन चार एकर. शेतकऱ्याने भरायचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. एवढंच भरायचं तर मोठाच का घेऊ नये, असं कुणालाही वाटणार. पण बसतो त्यापेक्षा लहान पंपही मागता येतो, हे त्याच योजनेत आहे. ते कुणी फारसं वाचत नाही.

आम्ही लहान मागितला तो विहिरीकडे बघून. आमची विहीर २० फूट व्यासाची. अशा विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. भर उन्हाळ्यात इंजिनाने उपसा करून संध्याकाळी दोरी सोडली, सकाळी पुन्हा सोडली. पाणी चार फूट चढलेलं. म्हणजे रात्रीतून पस्तीसेक हजार लिटर, दिवसरात्र मिळून फार तर सत्तर हजार. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरून ठेवत नाही. ते येतं भेगांतून आणि वरच्या मुरुमातून, झऱ्याच्या आपल्या चालीनं. तुम्ही मोटर मोठी लावली म्हणून झरा मोठा होत नाही.

आता पंपाकडचा हिशोब. तीन एच.पी.ला साधारण तीन हजार वॅटचं पॅनेल येतं. ऊन चांगलं असेल तर वीसेक मीटर उंची चढवून दिवसाला लाखभर लिटर पाणी तो सहज काढतो. म्हणजे मे महिन्यात आमचा तीनचा पंपच विहिरीला जड जातो! पाचचा असता तर अकरा वाजता तळ गाठला असता आणि कंट्रोलरने, म्हणजे पंप चालवणाऱ्या पेटीने, मोटर बंद केली असती, थोडं पाणी साठलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद. इंजिनाचं तरी काय व्हायचं? तासा-दोन तासांत विहीर कोरडी करायचं आणि मग आम्ही काठावर बसून राहायचो. हा पंप दिवसभर हळूहळू ओढतो आणि झरा मागून भरत राहतो.

आमच्या थोरल्या दिरांना मात्र हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, "पाण्याला फोर्स नाही." सकाळी खरंच नसतो. तुम्ही कधी सकाळी आठ-साडेआठला सौर पंपाशेजारी उभे राहिलात तर एक गंमत दिसेल. कंट्रोलरच्या पडद्यावर मोटरच्या वेगाचा आकडा (हर्ट्झ) तिसाच्या आसपास घुटमळतो, पाइपाला हात लावला तर थरथर लागते, मोटर फिरतेय हे नक्की, पण वर थेंब नाही. मग आकडा जरा सरकतो, पाइपातून आधी हवा फुसफुसते, दोन गुळण्या येतात आणि धार लागते. याचं कारण असं की मोटरचा वेग निम्मा झाला तर पाणी चढवण्याची ताकद निम्मी होत नाही, पाव होते. म्हणून खोल विहिरीला सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन फुकट जातं आणि ढग आला की धार एकदम मान टाकते. नवीन पंप घेणारे इथेच घाबरून कंपनीला फोन लावतात. पंपाला काहीही झालेलं नसतं.

यावर बॅटरी हा उपाय नाही. आपण वीज कशाला साठवायची, पाणी साठवावं. आम्ही पंपाचं पाणी थेट पिकाला देतच नाही, प्लास्टिकच्या कागदाच्या छोट्या शेततळ्यात सोडतो आणि तिथून उतारावर ठिबकला. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. कांद्याला दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तर एकराला वीस हजार. आमच्या विहिरीला हे झेपतं. पाटाने दारं धरून दिलं असतं तर झेपलं नसतं, मग पंप कितीचाही असो.

पॅनेलबद्दल दोनच गोष्टी सांगते. सगळी पॅनेलं एकापाठोपाठ एक जोडलेली असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर बाभळीच्या फांदीची सावली पडली तरी सगळ्या रांगेची ताकद घटते. जागा दाखवायला माणूस आला की दुपारचं ऊन बघून हो म्हणू नका. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हाची सावली कुठवर येईल ते बघा. आणि धूळ बसली की काच पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. कांदा काढणीच्या दिवसांत पॅनेलं किती मातकट होतात ते आमच्याकडे येऊन बघा.

रात्री मोटर चालू करायला बाहेर पडावं लागत नाही, हा फायदा जुन्नरच्या माणसाला समजावून सांगायला नको. बिबट्याच्या भीतीने खाली उसाच्या पट्ट्यातले शेतकरी दिवसा लाइट मागून थकले आहेत. आमच्याकडे सूर्य मावळला की पंपही झोपतो.

तर कितीचा घ्यावा, हे मला विचारून उपयोग नाही, कारण तुमची विहीर मी पाहिलेली नाही. मेमध्ये, पहिला वळीव पडायच्या आत, उपसा करून रात्रीतून पाणी किती चढतं ते मोजा आणि मग अर्ज भरा. जूननंतर घेतलेलं माप धरू नका, तेव्हा सगळ्यांच्याच विहिरी पाचच्या पंपाला पुरतात.