गोंयच्या सायबाकडे, पायी

गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की चालणाऱ्यांची रांग लांबत जाते. सावंतवाडीहून निघालो तेव्हा आम्ही मूठभर होतो. पुढे बेळगावकडचे लोक मिळाले, बांद्याची दोन कुटुंबं मिळाली. ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्याचा सण. त्याला जुन्या गोव्यात पोचायचं. बहुतेकांचा काही ना काही नवस असतो. मी बोललो नव्हतो. नवसाला अट लागते, आणि देवाला अटी घालून घालून मी थकलो होतो. धाकटा भाऊ आठवड्यातून तीनदा डायलिसिसला बसतो. माझी किडनी जुळत नाही.

'देव परीक्षा बघतो' असं सांगणारे घरी बरेच येऊन गेले. चहा पिऊन गेले. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र नेमकं हेच करतात. पहिले सात दिवस गप्प बसतात तेवढेच बरे. मग देवाची वकिली सुरू करतात. शेवटी देव कोणावर चिडतो? या वकिलांवर. त्यांना तो सांगतो, कुरकुरणारा ईयोबच आता तुमच्यासाठी प्रार्थना करील.

कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे माझ्या टाचेला फोड आला. वेंगुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या मावशीने जुन्या साडीची चिंधी खोबरेलात भिजवून बांधून दिली. तिचा मुलगा समुद्रात गेलेला. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलली, "झील गेलो तेवा वर्सभर इगर्जीत (चर्चमध्ये) पाय टाकूक नाय. मगे इलंय. कोणतरी व्हयो मा भांडूक!" आणि लगेच पुढे चालायला लागली. मी लंगडत मागे.

पणजी मागे पडली की रायबंदरचा कॉजवे लागतो. पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेला, जवळजवळ तीन किलोमीटरचा. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरं. इथे कोणीतरी जपमाळ (रोझरी) सुरू केली, येशूच्या दुःखाची रहस्यं. पहिलंच रहस्य गेथशेमानी बागेचं, पकडलं जाण्याआधीच्या येशूच्या प्रार्थनेचं: हा प्याला माझ्यापासून टळो. तो टळला नाही, हे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो, आणि तरी आपला प्याला टळेलच असं धरून चालतो.

ज्याच्याकडे निघालो होतो त्या सायबाचं तरी काय झालं? फ्रान्सिस झेवियरला चीनला जायचं होतं. १५५२ साली तो किनाऱ्याजवळच्या सांच्यान बेटापर्यंत पोचला. गुपचूप पलीकडे नेतो म्हणणारा व्यापारी आलाच नाही. तापाने फणफणत, ४६व्या वर्षी तो तिथेच गेला. सोबत अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण होता. ज्याची स्वतःची शेवटची इच्छा अपुरी राहिली, त्याच्याकडे आपण इच्छा पुरवून घ्यायला जातो. मला हे विचित्र वाटत नाही. उलट तोच माझ्या कामाचा संत वाटतो.

सायबाचं शव ठेवलेल्या बॉम जेझू चर्चच्या बाहेर मेणाचे अवयव विकायला असतात: हात, पाय, डोळे, तान्हं बाळ. किडनी मागितली तर विक्रेतीने टोपली उलटीपालटी केली आणि म्हणाली, "ती ना. पोट घे, तातूंतच आसता." मी पोट घेतलं. मावशी मागून हसली.

मिस्सा संपल्यावर भावाला फोन लावला. तो मशीनवर होता. म्हणाला, खाजं आण, पण अर्धा पावच. डॉक्टरांना विचारून खाईन.