बंद फोनचे सात महिने: कोल्हापूरहून बेळगावच्या कसम परेडला

भाचा अग्निवीर म्हणून मराठा लाइट इन्फंट्रीत दाखल झाला आणि ३१ आठवड्यांचे प्रशिक्षण संपवून त्याच्या तुकडीची कसम परेड (शपथविधीचे संचलन) बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये ठरली, तेव्हा अक्का आणि दाजी पन्हाळा तालुक्यातल्या गावाहून आदल्या दिवशीच कोल्हापुरात आमच्याकडे उतरले. अक्काच्या एका हातात भडंगाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात फोन. सात महिने रविवारी येणाऱ्या एका फोनची वाट पाहून तो हातातच ठेवण्याची तिला सवय जडली होती. परेडला जाणाऱ्या कुटुंबांसाठी रस्ता, मुक्काम आणि परेडचा दिवस यांविषयी लिहिणार आहेच. परंतु या सात महिन्यांत आमची खरी धांदल उडाली ती फोनमुळे, आणि तीही मुलाची नव्हे, घरच्यांची. मी एका सहकारी बँकेत कारकुनी करतो, त्यामुळे हा भाग जरा लांबला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

कोल्हापूर ते बेळगाव हे अंतर महामार्गाने सुमारे ११० किलोमीटर आहे. कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीचा टोलनाका लागतो, मग निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका आणि वंटमुरीचा घाट उतरून बेळगाव. रुंदीकरणाची कामे मध्ये आली तरी अडीच-तीन तासांत माणूस पोहोचतो. मध्यवर्ती बसस्थानकावरून दोन्ही राज्यांच्या बस मिळतात. मात्र सीमाप्रश्न तापला की त्या सीमेवरच थांबतात, म्हणून आदल्या रात्री बातम्या पाहूनच बसचा बेत पक्का करावा. आम्ही दाजींच्या मित्राची गाडी घेतली आणि दुपारी निघालो, कारण परेड सकाळी लवकर असते आणि पहाटे कोल्हापूर सोडून वेळेवर फाटकाशी पोहोचण्याचा भरवसा मला वाटला नाही.

कोगनोळीच्या रांगेत उभे असताना दाजींनी ओटीपीची कथा पुन्हा एकदा सांगितली. ती सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडे घरातला विशीतला मुलगा हाच घराचा संगणक विभाग असतो. दाजींच्या पीएम किसानला नंबर त्याचा, गॅसच्या नोंदणीला त्याचा, वीजबिलाला त्याचा आणि अक्काच्या आधार कार्डालाही त्याचाच. तो बेळगावला गेला, फोन आणि त्यातले सिम बंद होऊन ट्रंकेत गेले, आणि नेमकी त्याच सुमारास लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) आली. अक्का गावातल्या सेवा केंद्रात दोनदा रांगेत उभी राहिली, आधार क्रमांक टाकला, ओटीपी सुटला आणि बंद ट्रंकेतल्या बंद फोनकडे गेला. महिन्याचे १,५०० रुपये अडकतील या धास्तीने तिने रविवारच्या फोनवर मुलालाच विचारले, की तुझ्या फोनवर आलेला आकडा सांग. तो बिचारा सांगणार कुठून? शेवटी मी तिला आधार केंद्रावर नेले, बोटांचे ठसे देऊन तिचा स्वतःचा नंबर जोडून घेतला आणि मग काम झाले. मुलाला रुजू होण्याचे पत्र येताच घरातल्या प्रत्येकाच्या आधारला, बँक खात्याला आणि सरकारी योजनेला कोणता नंबर जोडला आहे, हे एका कागदावर लिहून काढावे आणि तो निघण्यापूर्वी जिथे त्याचा नंबर असेल तिथे आपला घालावा. हे काम एका दिवसात होत नाही, निदान पंधरा दिवस तरी हाताशी ठेवावेत.

सिमचे दुखणे वेगळेच. प्रीपेड सिमवर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. मात्र शिलकीत २० रुपये किंवा अधिक असतील तर त्यातून २० रुपये कापून मुदत ३० दिवसांनी वाढवण्याची सोय नियमातच आहे. मला हे ठाऊक असल्याने मी भाच्याच्या नंबरवर रिचार्ज करत राहिलो आणि नंबर टिकला. त्याच्याच तुकडीतल्या एका मुलाचा नंबर मात्र गेला, आणि त्या नंबरावर त्याचे पगाराचे खाते होते. व्हॉट्सॲपचे खातेही सुमारे १२० दिवस वापरले नाही तर काढून टाकले जाते. त्याचे फारसे नुकसान नाही, पण जुने फोटो आणि संभाषणे हवी असतील तर प्रत आधी काढून ठेवावी.

फोन न्यावा की नाही, असे मला बरेच जण विचारतात. प्रत्येक सेंटरचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतातही, म्हणून रुजू होण्याच्या पत्रातील सूचना हाच शेवटचा शब्द मानावा. भाच्याचा अनुभव असा, की सुरुवातीचे काही आठवडे फोन हातात आलाच नाही आणि पुढे रविवारी ठरावीक वेळेत, तोही साध्या बटणांचा, वापरता आला. त्याने नेलेला महागडा स्मार्टफोन सात महिने पडून राहिला. मी आता कुणालाही साधा कीपॅड फोन, त्याचा चार्जर आणि घरचे चार नंबर पाठ करून जाण्याचा सल्ला देतो. नंबर पाठ करणे ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण पहिल्या रविवारी दुसऱ्याच्या फोनवरून बोलायची वेळ आली, तेव्हा भाच्याला आईचा नंबर शेवटच्या तीन आकड्यांपाशी आठवेना आणि त्याने पाठ असलेला एकमेव नंबर, म्हणजे आमच्या घराजवळच्या किराणा दुकानाचा, फिरवला. दुकानदार धावत आमच्याकडे आला, तोवर वेळ संपली होती.

त्यानंतरचे रविवार अक्काने वाया जाऊ दिले नाहीत. पहिल्या फोनमधला अर्धा वेळ रडण्यात गेल्यावर तिने कालनिर्णयच्या मागच्या बाजूला आठवडाभर प्रश्न लिहून ठेवायला सुरुवात केली: पायाचा फोड बरा झाला का, दूध मिळते का, मोजे किती लागतील. फोन आला की ती यादी वाचायची, आणि तिकडून उत्तर बहुधा एकच यायचे, "व्हय आई, सगळं बरं हाय." मुलाच्या मागे रांग उभी असायची, हे तिला फार उशिरा कळले.

बेळगावात आम्ही बसस्थानकाजवळच्या एका साध्या लॉजवर उतरलो. परेडच्या आदल्या रात्री खोल्या लवकर भरतात, म्हणून तारीख कळताच फोन करून ठेवावा. मराठीवर सगळे निभते. लॉजवर सैनिक टाकळीचे एक निवृत्त हवालदार भेटले. नातवाच्या परेडला आले होते. शिरोळ तालुक्यातले ते गाव नावाप्रमाणेच सैनिकांचे, आणि हेही याच सेंटरमध्ये घडलेले. त्यांच्या वेळी घरचा संपर्क म्हणजे आंतरदेशीय पत्र, आणि ते पत्रही गावात पोस्टमनच वाचून दाखवायचा. जुलै २०२० मध्ये सैन्याने जवानांना फेसबुक आणि इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली, हे त्यांना तारखेसह पाठ होते. त्यांचे म्हणणे असे, की मुलगा सावध राहतो, घरचे राहत नाहीत: वडील फाटकासमोर उभे राहून सेल्फी काढतात, बहीण बटालियनचे नाव घालून स्टेटस ठेवते, आणि मग फेसबुकवर एखादी अनोळखी मुलगी त्या बहिणीची मैत्रीण होऊन भावापर्यंत पोहोचते. मला आधी हे अतिरेकी वाटले होते. पण जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या नकाशावर धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा उमटल्याचे आणि परदेशांतले लष्करी तळ त्यावरून ओळखता येत असल्याचे उघड झाले, हे आठवले आणि मी भाच्याला भेट द्यायला आणलेले हातातले फिटनेस बँड पिशवीतच ठेवले.

आमच्या घरी घडलेला एक प्रकारही त्यांना सांगितला. तिसऱ्या महिन्यात दाजींना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. समोरचा माणूस रुबाबदार हिंदीत म्हणाला, की मी मुलाच्या सेंटरमधून बोलतो, मुलगा पडून दवाखान्यात आहे, औषधासाठी ताबडतोब २०,००० रुपये पाठवा. मुलाला परत फोन करून विचारण्याची सोय नाही, हे फसवणारा बरोबर ओळखून असतो. दाजींनी पैसे काढायला बँकेत येण्याची चूक केली, म्हणजे खरे तर शहाणपणाच केला, कारण मी त्यांना काउंटरवरच थांबवले. हवालदारसाहेब म्हणाले, सैन्यात रंगरूटाच्या औषधासाठी घरून पैसे कोणी मागत नाही. मुलगा जाताना घरच्यांनी आणि त्याने मिळून एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा आणि पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

परेडच्या दिवशी आम्ही फोन गाडीतच ठेवले. कुणी सक्ती करण्याआधी आपणच ठेवावेत, हे भाच्याने पत्रात लिहिले होते. त्याचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही आधी सुचले नव्हते. एक म्हणजे खिशात पैसे नव्हते. चहा, पाणी, फोटोवाला, सगळे काही फोनवरून देण्याची इतकी सवय झाली आहे, की दाजींच्या पाकिटात शंभराची एक नोट आणि लक्ष्मीपूजनाचे एक नाणे निघाले. निदान दोन हजार रुपये सुट्ट्या नोटांत बरोबर ठेवावेत, आणि आधार कार्ड कागदाचेच घ्यावे, फोनमधले उपयोगाचे नाही. दुसरे म्हणजे परेड संपल्यावर गर्दीत आम्ही चौघे चार दिशांना गेलो आणि एकमेकांना शोधायला साधनच उरले नाही. भेटायची जागा आत शिरतानाच ठरवायला हवी होती. अक्का एका मोठ्या झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि शेवटी सगळे तिथेच जमलो, कारण ती जत्रेत हरवल्यावरही झाडाखालीच उभी राहते.

परेडबद्दल फार लिहीत नाही, ती पाहण्याची गोष्ट आहे. तिरंगा आणि रेजिमेंटचे निशाण यांच्या साक्षीने शपथ झाली, शिवाजी महाराजांचा जयजयकार मैदानभर घुमला, आणि आईवडिलांच्या छातीवर गौरवपदक लावण्याच्या वेळी दाजी, जे लग्नातही हसत नाहीत, ते ओठ दाबून उभे होते. त्या क्षणाचा आमच्याकडे स्वतः काढलेला एकही फोटो नाही. फोटोवाल्याकडून घेतलेल्या एका फोटोत अक्काचे डोळे मिटलेले आहेत.

भाच्याला सुटी त्याच संध्याकाळी मिळाली (सगळ्यांना लगेच मिळते असे नाही, म्हणून परतीची वेळ मोकळी ठेवावी). ट्रंक गाडीत चढवल्यावर त्याने तळातून मोजे गुंडाळलेला स्मार्टफोन काढला, चार्जर लावला, आणि बराच वेळ काहीच झाले नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीचा फोन महिनोन्महिने ठेवला की बॅटरी मार खाते. साधारण निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवावा, हे मी त्याला सांगायला विसरलो होतो. संकेश्वर येईपर्यंत पडदा उजळला. नऊ ठिपके दिसले. त्याचा अंगठा डावीकडच्या वरच्या ठिपक्यावर आला, खाली सरकला, आणि मध्येच थांबला. चुकले. पुन्हा चुकले. पाचव्यांदा चुकल्यावर फोनने त्याला तीस सेकंद थांबायला सांगितले. डोळे मिटून त्याने बोट हवेत फिरवून पाहिले, कारण रायफल उघडून जोडायला शिकलेल्या हाताला ती जुनी रेघ आठवत नव्हती. शेवटी फोन मुळापासून नवा करावा लागला आणि गावच्या यात्रेचे, मित्रांचे फोटो गेले. पॅटर्न घरी कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, आईच्या ट्रंकेत ठेवता आला असता.

त्याने फोन मोज्यात परत गुंडाळला. तोवर अक्काने पर्समधून चौघड्या केलेले कालनिर्णयचे पान काढले होते. फोनवर न उरकलेले प्रश्न तिने त्यात वेगळे खुणावले होते, आणि पहिला होता मोज्यांचाच. "घे, आता तुझ्या मागं रांग न्हाई," असे म्हणून ती एकेक वाचू लागली, तो एकेकाचे सावकाश उत्तर देत राहिला, आणि कागलच्या पुलावर आलो तेव्हा तिचे बोट पानाच्या निम्म्यावर होते.