साडेतीन टन उतारावर: गेटअवेच्या ब्रेकचं काम कुठवर आलं

माझ्या स्कॉर्पिओ गेटअवे पिकअपच्या पुढच्या डिस्क, पॅड, ब्रेक ऑइलचे तिन्ही होज (नळ्या), मागच्या ड्रमला आतून टेकणारे शू आणि ब्रेक ऑइल एवढं बदलून झालं. मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्हही सेट झाला. ट्रेलरचं काम अर्ध्यावर आहे. गाडी, ट्रेलर, त्यावरची जुनी जीप आणि हत्यारांची पेटी धरली तर वजन साडेतीन टनांच्या आसपास जातं, आणि पुण्यातून कोकणात उतरायचं असो की साताऱ्याकडे जायचं असो, घाट काही चुकत नाही. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. मोठ्या डिस्कच्या किटवर पैसे घालायच्या आधी मागची चाकं आणि ट्रेलर आपापल्या वाट्याचं काम करतायत का ते बघा.

यामागे साधा हिशेब आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. साडेतीन टन तेवढं खाली उतरवायचं म्हणजे जवळपास १ कोटी ९० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. चारही चाकांच्या डिस्क आणि ड्रम मिळून ४० किलो बीड (ओतीव लोखंड) धरा. ही सगळी उष्णता त्या बिडातच साठून राहिली असती, तर त्याचं तापमान हजार अंशांनी वाढलं असतं. अर्थात बराचसा भार इंजिन घेतं, थोडा वारा आणि टायर घेतात, आणि मधल्या सपाटीवर बीड थंडही होतं. तरी मागचे ड्रम आळशी असतील तर उरलेलं सगळं पुढच्या दोन चाकांवर येतं. पॅड लवकर झिजतात म्हणून आपण पुढचे पॅड बदलत राहतो आणि खरं दुखणं मागे तसंच राहतं.

माझ्या गाडीत नेमकं हेच निघालं. मागचा ड्रम उतरवला तर शूवर लायनर (घासणारा थर) जवळजवळ नव्यासारखा जाड. पण लायनरचा मधला पट्टा काचेसारखा चकचकीत, दोन्ही टोकं कोरी, आणि ड्रमच्या आत कडेला गंजाची तांबडी रिंग. म्हणजे शू ड्रमला पूर्ण टेकतच नव्हता. शू ड्रमजवळ ठेवणाऱ्या ॲडजस्टरच्या चाकाचे दाते लायनरची पूड आणि नदीतला गाळ मिळून घट्ट भरले होते, पान्ह्याने हलवल्यावर कुरकुरून एक दाता सरकला. सगळं सोडवून साफ केलं, शू ढकलणाऱ्या दोन्ही व्हील सिलेंडरचे रबर बदलले, ड्रम लेथवर हलकेच फिरवून घेतले आणि लायनर ड्रमच्या गोलाईला बसवून घेतला. पुण्यातल्या नाना पेठेत पार्ट मिळायला अडचण आली नाही. मात्र लायनर ड्रमच्या मापाने घासून देणारा कारागीर शोधावा लागला. हल्ली बरेच जण नवीन शू तसाच चढवून मोकळे होतात.

त्याहून महत्त्वाचा निघाला मागच्या ॲक्सलवरचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. चासी आणि ॲक्सल यांतलं अंतर एका दांडीने मोजून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. गाडी रिकामी असेल तर मागचा भाग वर, म्हणून दाब कमी. माल भरला की मागचा भाग दबतो आणि दाब वाढतो. आधीच्या मालकाने मागे स्प्रिंगचा एक जादा पाटा टाकून गाडी उचलली होती. त्यामुळे कपलिंगवर ट्रेलरचा भार असूनही व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटायची. दांडीचा ब्रॅकेट जितकी गाडी उचलली तितकाच सरकवला. एका गॅरेजात मला हा व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप जोडायचा सल्ला मिळाला होता. कृपा करून असं करू नका. पावसात रिकाम्या पिकअपची मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी रस्त्यावर आडवी फिरते.

ब्रेक ऑइलमधली हवा काढतानाही हा व्हॉल्व्ह ध्यानात ठेवावा लागतो. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) चासीखाली लावून ॲक्सल लोंबकळत ठेवला तर व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होतो आणि मागे हवा अडकून राहते. म्हणून घोड्या ॲक्सलखालीच लावा. हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलमध्ये बुडवलं होतं. आधी चहाच्या रंगाचं ऑइल आलं, मग बुडबुडे, मग फिकट पिवळं.

ऑइल डॉट ४ प्रतीचं वापरलंय. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, डॉट ४ चा २३०. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) इतका तापू शकतो. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल थेट फ्लोअरला लागतं. म्हणून गाडी कमी फिरली तरी दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आणि सिलेंडरचे रबर रॉकेल किंवा डिझेलने धुवायचे नाहीत, ते फुगतात.

पुढच्या बाजूबद्दल थोडक्यात. डिस्क कंपनीच्याच मापाच्या ठेवल्या. बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पार काढला आणि डायल गेज लावून रनआउट (फिरताना डिस्क किती डुलते ते) बघितला, तो ०.०५ मिलिमीटरच्या आत आहे. पॅडच्या कडेला दोन अक्षरी कोड छापलेला असतो: पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं गरम झाल्यावरची. मी एफएफ घेतले. पॅकेटवर काय लिहिलंय त्यापेक्षा ते दुसरं अक्षर बघा. स्टीलच्या जाळीचे होज लावल्यावर पेडल घट्ट झालं, पण थांबायचं अंतर होजमुळे कमी होत नाही. टायर २४५/७५ आर १६ वरून २६५/७५ आर १६ वर नेला तर व्यास सुमारे ४ टक्के वाढतो आणि तेवढाच ब्रेकचा जोर घटतो, म्हणून तो मोह टाळला.

पॅड आणि शू बसण्यासाठी पानशेत रस्त्यावर पहाटे, मागे कोणी नसताना, पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत पुन्हा पुन्हा आणलं. गरम डिस्कवर गाडी पूर्ण थांबवायची नाही.

मग मोकळा ट्रेलर जोडून जुन्या कात्रज घाटातून भिलारेवाडीपर्यंत उतरलो आणि खाली इन्फ्रारेड गनने मापं घेतली. डिस्कच्या चकचकीत भागावर गन चुकीचं, कमी तापमान दाखवते, म्हणून कडेच्या काळ्या भागावर धरावी. काम करण्याआधी याच उतारावर पुढे २४० आणि मागे ८५ अंश होते. आता पुढे १८५ आणि मागे १३०. उतार तोच, गिअर तोच, फक्त वाटणी सुधारली. मला या कामातलं सर्वांत मोठं समाधान या दोन आकड्यांचं आहे.

गिअरबद्दल मात्र कोणतीही तडजोड नको. पुण्यात महामार्गावरच्या नवले पुलाचा उतार आपण सगळे ओळखतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेली जड गाडी तिथे काय करते तेही पाहिलंय. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचं नाही, ट्रान्समिशनमध्ये पीळ बसतो. मातीच्या उतारावर मात्र फोर व्हीलची लो रेंज (सावकाश चालवणारे गिअर) लावली की ब्रेकला हात लावायची गरजच फारशी पडत नाही.

राहिला ट्रेलर. त्याला ओव्हररन ब्रेक आहेत: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलिंगचा दांडा आत सरकतो आणि केबल शू ओढते. याचा एक परिणाम लक्षात ठेवावा लागतो. लांब उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतं, पण ट्रेलर सतत ढकलत असल्याने त्याचे शू सगळा वेळ घासत राहतात. म्हणून घाटाखाली ट्रेलरच्या ड्रमचंही तापमान बघायचं. डावी बाजू तयार आहे. उजवा ड्रम अंडाकृती झालाय. लेथवर फिरवून तो कमाल व्यासाच्या आत राहिला तर ठीक, नाहीतर नवीन. त्यानंतर कपलिंग सुटलं तर ट्रेलरचे ब्रेक ओढणारी सुरक्षा केबल बसवायची आहे. या दोन गोष्टी होईपर्यंत जीप ट्रेलरवर चढणार नाही.