तुम्ही विचारलंत म्हणून : एखादं जपानी गाणं मी परत का करते

वर्गाची शेवटची दहा मिनिटं गाण्याची. पुण्यात जपानी शिकवायला लागले तेव्हापासून हे चालत आलंय. मी एक गाणं ऐकवते, आणि मग मुलं आपापली गाणी घेऊन येतात. बहुतेक अ‍ॅनिमेतली, म्हणजे जपानी कार्टून मालिकांतली, असतात. त्यातली बरीचशी मी वर्गासाठी न घेता परत करते आणि लगेच प्रश्न येतो, "सेन्सेई, याला काय झालं? छान तर आहे!" घरी हाच प्रश्न मावशी वेगळ्या तऱ्हेने विचारते: "सगळी एकसारखीच वाटतात मला. तुला त्यातलं चांगलं-वाईट कळतं तरी कसं गं?" आजवर दोघांनाही मी वेळ मिळेल तसं थोडं थोडं सांगितलं. आता सगळं एकत्र सांगते.

गाणं आधी दोनदा ऐकते आणि बंद करते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर तंबोरा लावून नुसती चाल म्हणून बघते. ढोल नाहीत, गिटार नाही, गायिकेचा गोड गळाही नाही. साज उतरवल्यावर जे उरतं, तेवढंच गाणं. पुष्कळ गाणी इथेच संपतात, कारण चाल आठवतच नाही. आठवतो तो फक्त धमाका.

मावशीला मी एकदा क्यू साकामोतोचं १९६१चं 'उए ओ मुइते आरुको' ऐकवलं. हाचिदाई नाकामुराची चाल, रोकुसुके एईचे शब्द. अमेरिकेत 'सुकियाकी' असं एका जपानी पदार्थाचं भलतंच नाव देऊन विकलं गेलं आणि जून १९६३मध्ये तिथल्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. पहिली ओळ संपायच्या आत मावशी म्हणाली, "अगं, हा तर भूप!" खरंच आहे ते. जपानीत या स्वररचनेला 'योनानुकी' म्हणतात. 'यो' म्हणजे चौथा आणि 'ना' म्हणजे सातवा, ते दोन गाळलेले. मध्यम-निषाद वगळून उरतात सा रे ग प ध. कोसाकु यामादांनी १९२७मध्ये चाल लावलेलं 'आकातोंबो', म्हणजे लाल चतुर, हे बालगीतही याच पाच स्वरांत आहे. आपल्या कानाला ही गाणी पहिल्या ऐकण्यातच घरची वाटतात, आणि म्हणूनच मी इथे जास्त सावध असते. 'जपानीपणा' दाखवायला वर पाच स्वर, खाली कोतो या जपानी तंतुवाद्याची तार आणि मध्ये एक चेरीचं झाड असं ठेवलेलं गाणं मी घेत नाही. भूप ऐकून मन हो म्हणायला लागतं. त्याला थांबवून शब्दांकडे जावं लागतं.

शब्दांपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळते. जपानी भाषा मात्रांवर चालते. 'निप्पोन' या शब्दाच्या चार मात्रा: नि, प्, पो, न्. तो 'न्' अर्धा दिसला तरी त्याला पूर्ण मात्रा द्यावी लागते. मात्रावृत्तं शिकलेल्या मराठी मुलांना हे चटकन कळतं. पण त्याशिवाय स्वरांची चढउतार असते. 'आमे'मधला 'आ' उंच असेल तर पाऊस, 'मे' उंच असेल तर चघळायची गोळी. 'हाशी'चंही तसंच: 'हा' उंच असेल तर जेवायच्या काड्या, 'शी' उंच असेल तर पूल. यामादांचा आग्रह होता की चालीने बोलण्यातली ही चढउतार सांभाळावी. पुढच्या लोकप्रिय संगीताने तो आग्रह सोडला आणि मला त्याची तक्रार नाही. प्रत्येक शब्द तोलत बसलं तर निम्मी चांगली गाणी हातची जातील. मी एवढंच बघते की शब्द मोडला असेल तर तो कशासाठी.

हे मला शिकवलं उतादा हिकारूच्या 'ऑटोमॅटिक'ने. गाणं डिसेंबर १९९८चं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मी पुष्कळ उशिरा ऐकलं आणि पहिल्याच ओळीला नापास केलं. फोनची सातवी घंटा वाजते आणि तो फोन उचलतो, एवढं साधं वाक्य. पण 'नाना', म्हणजे सात, हा शब्दच तिने मधून तोडलाय. 'ना' म्हणून थांबते, मग पुढचा 'ना' घेऊन निघते. 'बेरू' म्हणजे घंटा, तीही तशीच: 'बे' इकडे, 'रू' तिकडे. मला वाटलं, न्यूयॉर्क आणि टोकियो अशा दोन्हीकडे वाढलेली मुलगी, इंग्रजी तालात जपानी कोंबतेय. दोनेक वर्षांनी एका विद्यार्थ्याने तेच गाणं पुन्हा आणलं, तेव्हा मी ते मोठ्याने म्हणून बघितलं आणि त्या तुटलेल्या जागी माझाच श्वास अडकला. कोणी फोन उचलेल की नाही, असं वाटत असताना माणूस तसंच बोलतो. सलग बोलताच येत नाही. ते वाक्य नीट जुळवून गायलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती. पुढच्या तासाला मी मुलांना सांगितलं की माझं चुकलं होतं, आणि तेव्हापासून माझा निकष बदलला. शब्द तोडा, पण तोडल्याचं काही तरी व्हायला हवं.

इंग्रजीचंही मी असंच बघते. जपानी भाषेत रॉक गाता येतो का, यावर तिथे १९७०-७१च्या सुमारास मोठा वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, जगात जायचं तर इंग्रजीतच गायला हवं. 'हॅपी एंड' या चौघांच्या बँडने जपानीतच गाऊन उत्तर दिलं, आणि त्यांचा ढोलवादक ताकाशी मात्सुमोतो पुढे जपानमधला फार मोठा गीतकार झाला. ते उत्तर मिळून इतकी वर्षं झाली, तरी आजही साबीत, म्हणजे ध्रुपदात, दोन चकचकीत इंग्रजी शब्द टाकून मोकळं होणारी गाणी ढिगाने येतात. ती मी परत करते. मिकी मात्सुबाराचं १९७९चं 'मायोनाका नो दोआ' मात्र ठेवते. त्यातली 'स्टे विथ मी' ही ओळ ध्रुपदाची सजावट नाही. जे जपानीत सरळ तोंडावर म्हणता येत नाही, ते ती बाई दुसऱ्या भाषेच्या आडून म्हणते, असं मला ऐकू येतं.

मात्सुमोतोंचं नाव आलंच आहे, तर 'आकाई सुईटोपी'चं सांगायला हवं. १९८२चं हे गाणं मात्सुदा सेइकोने गायलं आणि चाल दिली युमी मात्सुतोयाने, टोपणनावाने. ओळख होऊन सहा महिने झाले तरी त्याने अजून हातसुद्धा धरलेला नाही, असं ती मुलगी सांगते. त्या सहा महिन्यांवर, त्या न धरलेल्या हातावर अख्खं गाणं उभं आहे. आता याच्याशेजारी साकुराची, म्हणजे चेरीच्या फुलांची, गाणी ठेवा. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि एप्रिलमध्ये सुरू होतं. निरोप आणि चेरीचा बहर एकाच वेळी येतात, त्यामुळे ही गाणी होणारच. २००३मध्ये नाओतारो मोरियामाने नुसत्या पियानोवर गायलेलं 'साकुरा' मी कितीही वेळा ऐकेन. त्यानंतर मात्र दर वसंतात त्यांचा पूरच आला. माझी परीक्षा सोपी आहे: साकुराच्या जागी दुसरं कुठलंही फूल ठेवायचं. गाण्याला काहीच झालं नाही, तर त्यात साकुरा नव्हतीच. 'स्वप्न', 'आकाश', 'पंख', 'तू एकटा नाहीस' हे शब्दही असेच तपासते. दुःखात असलेल्या माणसाला 'तू एकटा नाहीस' म्हणणं सोपं असतं. तुझ्याजवळ कोण आहे आणि ते काय करतंय, ते गाण्याने सांगावं.

मुलांना सर्वांत नवल वाटतं ते याचं, की मी दुसऱ्या कडव्यापासून ऐकते. अ‍ॅनिमेच्या सुरुवातीला गाण्याला दीड मिनिट मिळतं. त्यात पहिलं कडवं, चढ आणि साबी बसवायची. सगळी मेहनत त्या दीड मिनिटात ओतली जाते. पूर्ण गाणं मिळालं की दुसऱ्या कडव्यात कळतं, कवीकडे सांगायला आणखी काही होतं का. केन्शी योनेझुचं 'लेमन' (२०१८) मला पटलं ते तिथेच. दुसरं कडवं सुरू होतं अंधारात बोटांनी गिरवलेल्या पाठीपासून. मेलेल्या माणसाची आठवण बोटांना असते, हे माझ्या आजीच्या बाबतीत मला ठाऊक होतं. पण ते कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

शेवटच्या साबीबद्दल मी कडक आहे. आधी सगळी वाद्यं थांबतात आणि एकट्या पियानोवर हलका आवाज येतो. तिथे 'ओची-साबी' म्हणतात त्याला. मग धाडकन सगळं परत येतं आणि पट्टी अर्ध्या स्वराने वर जाते. शब्द तेच, अर्थ तोच, फक्त उंची वाढलेली. गाण्यात काही घडलं म्हणून पट्टी बदलली असेल तर ती हवीच. मला रडवायचंय म्हणून बदलली असेल, तर मी गाणं तिथेच बंद करते.

आणि श्वास. ऑगस्ट २००७मध्ये सप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने 'हात्सुने मिकू' हा संगणकावरचा आवाज आणला. त्याला फुप्फुसं नाहीत, त्यामुळे कितीही लांब ओळ, कितीही भरभर. त्या शाळेतून आलेले संगीतकार आता माणसांसाठी चाली करतात. योआसोबी या जोडीतला संगीतकार आयासे त्यातलाच, योनेझुही. श्वासाला जागाच नसलेली गाणी मी सहसा ठेवत नाही. ऐकताना छातीवर दडपण येतं आणि शब्द हाती लागत नाहीत. योआसोबीचं 'आयडॉल' (२०२३) ठेवलं, कारण त्यातली मुलगी खोटं बोलत जगते आणि थांबली तर ते उघडं पडेल. तिची धाप गाण्यातलीच आहे.

गेल्या महिन्यात एका मुलीने असंच एक धापा टाकणारं गाणं आणलं. मी परत केलं. पुढच्या तासाला ती म्हणाली, "सेन्सेई, मी म्हणून दाखवू?" साथ नाही, फक्त बाकावर बोटांनी ताल. तिसऱ्या ओळीत तिचा दम पुरेना म्हणून ती एका शब्दाआधी थांबली आणि श्वास घेतला. मूळ गाण्यात तो नाही. 'मादा' हा तो शब्द. मादा म्हणजे अजून. गाणं चारदा ऐकूनही तो मला ऐकू आला नव्हता. गाणं मी अजून घेतलेलं नाही. पण वहीत ती ओळ लिहून घेतली आहे आणि 'मादा'च्या आधी पेन्सिलीने स्वल्पविराम दिला आहे.