जैतापूरबद्दल खरं काय, हे शोधताना

माझं सासर राजापूर तालुक्यात, प्रकल्प जिथे होणार त्या माडबनपासून फार लांब नाही. जैतापूर अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. मागच्या गणपतीत भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही ठाण्याला असता, वाचन आहे तुमचं. जरा खरं काय ते बघा ना." मी ते मनावर घेतलं.

सुरुवात मराठी ग्रंथसंग्रहालयातून केली. अणू, विखंडन, किरणोत्सार हे तिथल्या पुस्तकांतून छान समजलं. पण "सुरक्षित आहे का?" याला सरळ उत्तर कुठेच मिळेना. मग मी तो प्रश्नच फोडला. केंद्राची वीज गेली तर काय होतं? समुद्राचं पाणी किती तापतं? गाव सोडायची वेळ आली तर? असं विचारत गेले तशी उत्तरं सापडू लागली.

विजेच्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात, तसंच अणुभट्टीचं. ती बंद केल्यावर लगेचही मूळ उष्णतेच्या 6 ते 7 टक्के उष्णता निघत असते, दिवसभरानंतर साधारण अर्धा टक्का. जैतापूरसाठी ठरलेली एकेक अणुभट्टी 1730 मेगावॅट विजेची, म्हणजे तिच्यातली उष्णता साडेचार हजार मेगावॅटच्या वर. त्याचे 6 टक्के धरले तरी पावणेतीनशे मेगावॅट! ही उष्णता काढून नेणारं पाणी सतत फिरत राहायला हवं. 11 मार्च 2011 ला जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात चालू असलेल्या अणुभट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या होत्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरूही झाले. पाऊण-एक तासाने सुनामी आली आणि ते बुडाले. केंद्राची तयारी 5.7 मीटरच्या लाटांची होती, आलं त्याच्या दुपटीहून उंच पाणी. तेव्हापासून कुठल्याही केंद्राबद्दल मी आधी हेच बघते: जनरेटर किती उंचीवर आहेत आणि ते बंद पडले तर पुढची सोय काय.

किरणोत्साराचे आकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालांत आहेत. केंद्रामुळे सामान्य माणसाला मिळणाऱ्या किरणोत्साराला वर्षाला 1 मिलिसिव्हर्टची (हे त्याच्या मात्रेचं एकक) मर्यादा आहे. त्याशिवाय निसर्गातूनच जगात सरासरी 2.4 मिळतो. तारापूरसकट आपल्या केंद्रांच्या हद्दीवरचे आकडे मर्यादेच्या खूप खाली आहेत, आणि ते वाचून मला दिलासा मिळाला. पण 2012 मध्ये कॅगने (देशाच्या महालेखापरीक्षकांनी) याच मंडळाच्या स्वायत्ततेवर नेमकं बोट ठेवलं होतं. आकडे मोजणारा स्वतंत्र हवा, ही मागणी मला रास्त वाटते.

आमच्याकडच्या मच्छीमारांचा प्रश्न वेगळाच आहे. अणुभट्टीतल्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोडी जास्त वीज बनते, बाकीची समुद्रात जाते. किनाऱ्यावरच्या वीज केंद्रांनी समुद्राच्या मूळ पाण्यापेक्षा 7 अंशांहून जास्त तापलेलं पाणी सोडू नये असा नियम आहे. सभांमधली भाषणं किरणोत्सारावर होतात. माशांचं काय, हे विचारणाऱ्याला मात्र बसवलं जातं.

पर्यायांचं गणितही मांडून पाहिलं. छतावरच्या 1 किलोवॅट सौर संचाला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. आमच्या सोसायटीची लिफ्ट आणि पंप त्यावर सहज निघतील, शिवाय सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये केंद्र सरकारचं अनुदान आहे. अडचण संध्याकाळची. तिचं एक उत्तर आपल्याच ठाणे जिल्ह्याच्या वेशीवर आहे, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. घाटघर प्रकल्पात वीज जास्त असताना पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर चढवतात आणि मागणी वाढली की खाली शहापूर तालुक्यात सोडून 250 मेगावॅट वीज घेतात. जैतापूरच्या नियोजित 10,380 मेगावॅटपुढे हे थोडं आहे, मान्य. तरी अशी ठिकाणं आधी शोधावीत असं माझं मत झालं आहे.

फुकुशिमाच्या वाचनातली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला तिथल्या रहिवाशांमध्ये थेट किरणोत्सारामुळे झालेले आजार आढळले नाहीत. पण लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली, आणि त्या धावपळीत व नंतरच्या हालांत कितीतरी म्हातारी माणसं गेली. आपल्याकडे केंद्राभोवती 16 किलोमीटरपर्यंत आपत्कालीन आराखडा करावा लागतो. आमच्या भागात अरुंद रस्ते, जुलैचा पाऊस, आणि घराघरात एकटे राहणारे सत्तरीपुढचे लोक. हा आराखडा गावाला मराठीत, प्रकल्पाचं काम सुरू होण्याआधी वाचायला मिळालाच पाहिजे, असं मी भाऊजींना सांगितलं आहे. पुढच्या ग्रामसभेत ते तो लेखी मागणार आहेत; अर्जाचा मसुदा मी लिहून पाठवला.