अझाइड

पार्सल परशुराम घाटात एक रात्र अडकलं, म्हणून सगळे म्हणाले, अँटिबॉडी गेली. पावसाळ्यात रत्नागिरीत काहीही बिघडलं की दोष घाटाला, नाहीतर लाइटला. मला पटत नव्हतं. आयजीजी, म्हणजे या जातीची अँटिबॉडी, काही बांगडा नव्हे. जेल पॅक वितळले म्हणून रात्रीत नासत नाही.

टीएनएफ अल्फा हे प्रतिकारशक्तीचं निरोप्या प्रथिन. एल९२९ या उंदराच्या पेशींना अ‍ॅक्टिनोमायसिन डी (टीएनएफपुढे त्यांना हळवं करणारं औषध) देऊन वर माणसाचं टीएनएफ घातलं, की दुसऱ्या दिवशी त्या मरतात. तेच टीएनएफ आधी तासभर अँटिबॉडीसोबत ३७ अंशांवर ठेवलं, तर वाचायला हव्यात. नुसतं टीएनएफ ओळखणारी अँटिबॉडी एलायझाला, म्हणजे रंगावरून प्रथिन मोजायच्या चाचणीला, चालते. इथे त्याला रिसेप्टरवर, पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागी, बसूच न देणारी लागते, आणि आमचा क्लोन, म्हणजे अँटिबॉडीचा वाण, तसाच होता.

मायक्रोस्कोपखाली, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी घातलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) पेशी छान पसरलेल्या, निमुळत्या टोकांच्या. ५० च्या वेलमध्ये सगळ्या गोल होऊन सुटलेल्या, पुराच्या पाण्यावर सुपाऱ्या तरंगाव्यात तशा. अँटिबॉडी वाढवावी तशा पेशी जास्त मरत होत्या. तीनदा केलं, तीनदा तेच. सर म्हणाले, "डायल्युशन चुकलं असेल." सरांच्या हातात पिपेट मी शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही.

प्लेटमध्ये टीएनएफशिवाय नुसत्या अँटिबॉडीची एक ओळ असती, तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. महाग पडते म्हणून ती मीच गाळली होती. चौथ्यांदा टाकली. त्याही पेशी मेल्या.

मग भिंग घेऊन लेबल वाचलं. सोडियम अझाइड, ०.०९ टक्के. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात, पण ते पेशीचं श्वसनच अडवतं. बाटली मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅमची, ५० मायक्रोग्रॅमसाठी जेमतेम दहापट पातळ होते, आणि अझाइडही तेवढंच. कॅटलॉगात बिनअझाइडची बाटली होती, नंबरात शेवटचा एक आकडा काय तो वेगळा. एचआरपी, म्हणजे रंग आणणारं एन्झाइम, बंद पडतं, एलायझाच्या बफरमध्ये अझाइड नको, हे मी दर वर्षी मुलांना घोकून घेते!

उरलेली अँटिबॉडी डायलिसिसच्या सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत भरली आणि ४ अंशांवर रात्रभर पीबीएस या खारट बफरमध्ये फिरवली, तीनदा पीबीएस बदलून. अझाइड ६५ डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप), निघून जातं; दीड लाखाची अँटिबॉडी आत राहते. लाइट दोनदा गेली. स्टिरर इन्व्हर्टरवर लावायला आमचे शिपाईकाका पहाटेपर्यंत बसले. पुढच्या प्लेटमध्ये ५० लाही पेशी जिवंत.

त्या संध्याकाळी गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टवाल्या मुलीची वही काढली. बाटलीचा नंबर तोच, आलेख तोच, वर चढून खाली कोसळलेला. त्याखाली माझं अक्षर: "हात बसलेला नाही. पुन्हा कर." तिने पुन्हा केलं होतं. चारदा.

तिचा नंबर फोनमध्ये आहे.