घाट चढला, उतरायचा राहिला

गोव्यातल्या साखळीहून पायी पंढरपूरला निघालं की विठोबाच्या आधी सह्याद्री आडवा येतो. आळंदीच्या वारकऱ्यांना दिवे घाट, तर आमच्या वाट्याला चोर्ला. विठ्ठलापुरात दर्शन घेऊन केरीपर्यंत सगळे ताजेतवाने असतात, अभंग वरच्या पट्टीत चाललेले. अंजुणे धरण मागे पडलं की आवाज खाली येतो आणि पखवाजवाले बुवा वाजवायचं सोडून पखवाज पावसापासून सांभाळू लागतात.

आषाढीची वारी म्हणजे पाऊस आलाच. प्लास्टिकची खोळ आतून घामाने आणि बाहेरून पावसाने भिजते. विसाव्याला बसलं की आधी पायाच्या जळवा काढायच्या, मग चहा.

आमच्या दिंडीत भूगोलाचे एक निवृत्त मास्तर होते. चढणीवर त्यांनाच बोलायला दम कसा उरायचा, देव जाणे. पायथ्याचा खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आगेमागचा, धारवाडी. वर माथ्याकडे मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा थर. गोव्यात तो फक्त या ईशान्य कोपऱ्यातच सापडतो, म्हणाले. याच रानांच्या आधाराने सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याने पोर्तुगीजांना दमवलं. १८५२ साली दीपाजी राणे उठले, १८९५ ला दादा राणे. डांबरी रस्त्यावर टाळ घेऊन चालतानाच आमची ही दमछाक, मग पाठीमागे फौज असताना इथे चढणाऱ्यांचं काय झालं असेल?

माथा साधारण ८०० मीटरवर. खरी गंमत पुढेच. चढ संपला, आता उतार येईल म्हणून गुडघे सावरावेत, तर उतार येतच नाही! गोव्यातून जो भलाथोरला डोंगर दिसतो, तो इथे नुसता पठाराचा काठ निघतो. लहानपणापासून सत्तरीच्या पलीकडे दिसणाऱ्या त्या निळ्या भिंतीला पलीकडची बाजूच नाही, हे गाडीतून शंभरदा गेलो तरी ध्यानात आलं नसतं. पायांना लगेच कळलं.

गाव कणकुंबी. इथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. आणि याच परिसरातला कळसा नाला आमच्या म्हादईला जाऊन मिळतो. एक पाणी पणजीला अरबी समुद्रात, दुसरं कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागरात. कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कालव्यावरून गोवा आणि कर्नाटकाचं भांडण पेटलं, २०१८ साली लवादाचा निवाडाही आला, तरी ते विझलेलं नाही. दिंडीतही त्यावरून जुंपली. वीणेकऱ्यांनी हरिपाठ सुरू केला तेव्हा कुठे थांबली.

जांबोटी, बेळगाव, मिरज, सांगोला. पाऊस विरळ होत गेला, भाताच्या जागी ज्वारी-बाजरीची रानं आली आणि मिरजेच्या पुढे खोळी पिशवीतच राहिल्या. आमचा सगळा पाऊस सह्याद्रीने काठावरच उतरवून घेतलेला.

चंद्रभागेच्या वाळवंटात मास्तर पुन्हा सुरू झाले. ही भीमाही सह्याद्रीचीच लेक, भीमाशंकरची. तीही शेवटी कृष्णेलाच मिळते. म्हणजे कणकुंबीचं पाणी आणि पंढरीचं पाणी एक होतं.

केरीच्या मावशींनी कपाळाला आठी घातली. "मास्तर, कणकुंबीला आम्ही चिखलाचे पाय धुतले, ते पाणी इथे यायचं नाही ना?"

"नाही हो, ती भेट पार खाली, रायचूरकडे."

"मग बरं," म्हणाल्या आणि त्यांनी बुडी मारली.